एकविसावा कार्बन

गेल्या वर्षीच्या वसुबारसेची गोष्ट. स्वयंपाकघरात चिवड्याची फोडणी चालली होती. आमची नात एरवी स्वयंपाकघराशी फक्त खाण्यापुरता संबंध ठेवते. पण त्या दिवशी आजीला मदत करण्याचा तिला मोठाच उत्साह आला आणि नवाकोरा पांढरा कुडता अंगात घालूनच ती पुढे सरसावली. व्हायचे तेच झाले. हळदीचा हात कुडत्याला लागला. तिने धावत न्हाणीघर गाठले, डागावर खसाखसा साबण चोळला, आणि पुढच्याच क्षणी तिची किंकाळी ऐकू आली. पिवळा डाग लालभडक झाला होता!

"आजी, हे रक्तासारखं काय झालं गं?"

"काही होत नाही," आमच्या सौभाग्यवतींनी झारा न थांबवता सांगितले. "साबण धुऊन टाक, पुन्हा पिवळा होईल. मग दोन-तीन दिवस उन्हात घाल. हळदीचा डाग साबणाने जात नसतो, उन्हाने जातो."

वाचकहो, आमच्या सौभाग्यवतींनी रसायनशास्त्राचे पुस्तक जन्मात कधी उघडलेले नाही. मी मात्र पस्तीस वर्षे महाविद्यालयात तोच विषय शिकवला आणि नात सध्या एम.एस्सी.ला तोच विषय शिकते आहे. असे असून तिघांत बिनचूक बोलल्या त्या एकट्या सौभाग्यवतीच! उरले ते आम्हां दोघांना, म्हणजे 'का?' हे सांगणे.

मी नातीला म्हटले, "हळदीतल्या पिवळ्या द्रव्याची रचना आठव. लाल का होतो आणि उन्हात का जातो, दोन्ही कळेल."

"रचना पाठ आहे, आजोबा. पण ती कुणाला कशी कळली? रेणू तर कुणाला दिसत नाही."

हा प्रश्न फार वर्षांपूर्वी मलाही पडला होता. किंबहुना तो माझ्यावर पाडण्यात आला होता, आणि तोही एका लाजिरवाण्या प्रसंगानंतर. तो प्रसंग मी आजवर घरात कुणाला सांगितला नव्हता. त्या दिवशी सांगितला, आणि एकदा सांगितलाच आहे तेव्हा आता तुम्हांलाही सांगायला हरकत नाही.

त्याआधी हे कोडे कसले असते ते थोडक्यात सांगतो. रेणू म्हणजे अणूंची बांधणी. या बांधणीत प्रत्येक अणूला ठरावीक हात असतात. कार्बनला चार, ऑक्सिजनला दोन आणि हायड्रोजनला एक. कुणाचाही हात मोकळा राहता कामा नये, एवढाच नियम. आता दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन एवढा ऐवज तुमच्यापुढे ठेवला, तर त्याची बांधणी दोन तऱ्हांनी होते. ऑक्सिजन टोकाला ठेवून त्याच्या दुसऱ्या हातात हायड्रोजन दिला, तर होते मद्यार्क, म्हणजे अल्कोहोल. तोच ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मधोमध बसवला, तर होतो डायमिथिल ईथर. पहिला पदार्थ पाण्यासारखा द्रव, ७८ अंशांवर उकळणारा; दुसरा घरातल्या हवेत साधा वायू. ऐवज तोच, वजन तेच, पण पदार्थ अगदी वेगळे! मग बाटलीत कोणता आहे हे ओळखायचे कसे? सोडियमचा तुकडा टाकून पाहावा. मद्यार्कातून हायड्रोजनचे बुडबुडे येतात, कारण त्याच्या ऑक्सिजनच्या हातात एक हायड्रोजन आहे. ईथरमधून येत नाहीत. न दिसणाऱ्या रेणूबद्दल दिसणाऱ्या बुडबुड्याने साक्ष दिली. रचना शोधणे म्हणजे अशा साक्षी गोळा करणे आणि एकही साक्ष खोटी न पाडता निकाल देणे.

हे शेवटचे कलम फार महत्त्वाचे आहे. माझे पाऊल घसरले ते तिथेच.

१९६७ साली मी मुंबईत बी.एस्सी.च्या वर्गात होतो. वडील एका पेढीवर रोखपाल-कारकून, चाळीत दोन खोल्या आणि माझ्या पाठची दोन भावंडे. मला नादारी होती, म्हणजे निम्मी फी माफ, आणि ती सहामाही परीक्षेच्या गुणांवर अवलंबून असे. दिवाळीच्या सुटीआधी प्रात्यक्षिकाची परीक्षा आली. प्रत्येकाला एक क्रमांकाची बाटली मिळे. आत कोणती पूड आहे ते प्रयोग करून ओळखायचे. आदल्या दिवशी चहाच्या दुकानात एका सोबत्याने कानात सांगितले, "चार नंबरच्या बाटलीत ॲस्पिरिन आहे." दुसऱ्या दिवशी नेमकी चार नंबरची बाटली माझ्या टेबलावर! मला आभाळ ठेंगणे झाले.

केसासारख्या बारीक काचनळीत पूड भरून द्रवणांक पाहिला. पूड १३३ अंशांवर वितळली. ॲस्पिरिन वितळते साधारण १३५ वर. दोन अंशांचे काय एवढे? थर्मामीटर जुना असेल. मग ०.३ ग्रॅम पूड विरघळवून तिच्यात ब्यूरेटमधून अल्क सोडले. किती अल्क लागले यावरून रेणूचे वजन काढता येते. ॲस्पिरिनला १६.७ मिलिलिटर लागायला हवे होते, लागले २०.३. मी वहीत लिहिले, १६.७. परमँगॅनेटचे जांभळे द्रावण थेंबभर टाकले. ॲस्पिरिनने त्याचा रंग असा झटकन उडवता कामा नये. पण तो बघता बघता उडाला, नळीत तपकिरी साका राहिला आणि कडू बदामासारखा वास आला. ही नोंद मी केलीच नाही. उलट पूड पाण्यात उकळून फेरिक क्लोराइड टाकल्यावर जो जांभळा रंग यायला हवा होता पण आला नाही, तो आला म्हणून लिहून मोकळा झालो.

आमचे सर टेबलाशी आले. वही वाचली. मग त्यांनी वहीवरची नजर उचलून ब्यूरेटकडे नेली. मी ती रिकामी करायला विसरलो होतो.

"किती लिहिलं आहेस?"

"सोळा पूर्णांक सात, सर."

"आणि ही काय म्हणते?"

मी गप्प. त्यांनी परीक्षानळी उजेडाकडे धरली. तळाशी तपकिरी डाग होता. "आणि हा डाग कुठे लिहिला आहेस?"

ती पूड सिनॅमिक आम्लाची होती. गंमत अशी की दोघांच्याही रेणूंत नऊ कार्बन आणि आठ हायड्रोजन. ॲस्पिरिनमध्ये ऑक्सिजन चार, सिनॅमिक आम्लात दोन. एवढाच फरक. आणि तो फरक ब्यूरेट मला स्पष्ट सांगत होती.

सर रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "चुकून चुकीचं उत्तर लिहिलं असतंस तर निम्मे गुण दिले असते. तू उत्तराच्या मापाने पुरावा बेतलास." त्यांनी शून्य दिले. नादारी गेली. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून फी भरली. मला ते काही बोलले नाहीत, आणि ते बोलत नव्हते हेच मला जड जात होते.

सुटी लागायच्या दिवशी सरांनी मला बोलावून एक चिठ्ठी हातात दिली. वर लिहिले होते: एक पिवळा स्फटिकी पदार्थ. रेणूत २१ कार्बन, २० हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. मिथॉक्सी गट दोन. फिनॉल जातीचे हायड्रॉक्सिल गट दोन. परमँगॅनेटने तोडला असता व्हॅनिलिन मिळते. अल्काबरोबर उकळला असता व्हॅनिलिक आम्ल आणि फेरुलिक आम्ल मिळते. रचना काढा. आणि खाली एक ओळ: जे जुळणार नाही तेही लिहा.

धनत्रयोदशीपासून मी त्या चिठ्ठीपुढे बसलो. आधी हायड्रोजन मोजले. एकवीस कार्बनांची साधी साखळी असती तर तिला ४४ हायड्रोजन लागले असते. इथे आहेत २०. म्हणजे २४ कमी, बारा जोड्या तुटीच्या. रेणूत दोन अणूंनी एकमेकांना दोन हातांनी धरले, म्हणजे दुहेरी बंध आला, की एका जोडीची तूट येते. साखळीची टोके जुळून वलय झाले तरी एका जोडीची येते. बेंझीनचे सहा कार्बनांचे वलय एकटेच चार जोड्या खाते. तेव्हा बारा जोड्यांचा जमाखर्च लागला पाहिजे.

मग तुकडे पाहिले. व्हॅनिलिन म्हणजे आइस्क्रीमला ज्याचा वास असतो ते. त्यात एक बेंझीनचे वलय, त्यावर एक मिथॉक्सी आणि एक हायड्रॉक्सिल. चिठ्ठीत दोन्ही गट दोन-दोन होते. म्हणजे अशी वलये दोन असली पाहिजेत, रेणूच्या दोन टोकांना एकेक. आठ जोड्या लागल्या. फेरुलिक आम्ल म्हणजे त्याच वलयाला पुढे तीन कार्बनांची शेपटी. शेपटीत एक दुहेरी बंध आणि टोकाला ऑक्सिजन धरलेला कार्बन. अशा दोन शेपट्या घेतल्या की दोन दुहेरी बंध आणि दोन कार्बोनिल, आणखी चार जोड्या. आठ आणि चार बारा! ऑक्सिजनही प्रत्येक अर्ध्यात तीन, एकूण सहा. मी आनंदाने दोन्ही अर्धे एकमेकांना चिकटवून टाकले आणि सहज कार्बन मोजले. वीस. हायड्रोजन मोजले. अठरा.

एक कार्बन आणि दोन हायड्रोजन हातात उरले.

पुन्हा मोजले. पुन्हा तेच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी तसाच कागद घेऊन बसलो होतो. मनात नको ते विचार येऊ लागले. बाकी सगळे इतके चोख जमले आहे. सरांनी चिठ्ठी लिहिताना २० चे २१ केले नसतील कशावरून? एवढ्यात वडील पेढीवरचे वहीपूजन आटोपून आले. टोपी खुंटीला लावून ते माझ्यामागे उभे राहिले. कागदावरचे त्यांना काही कळण्यासारखे नव्हते. पण तळाशी मी लिहिले होते, '१ उरला'. ते त्यांना कळले.

"जास्त निघतंय?" त्यांनी विचारले. कित्येक दिवसांत त्यांनी आपण होऊन काढलेला हा पहिला शब्द.

"हो. एकच."

"कमी पडलं तर माणूस खिशातून भरतो आणि मोकळा होतो," ते म्हणाले. "पण जास्त निघालं तर ते कुणाचं ते शोधल्याशिवाय रोजमेळ मिटवता येत नाही. पाच पैसे असले तरी." आणि ते हातपाय धुवायला गेले.

मी नवा कागद घेतला. उरलेला कार्बन कुठे कुठे बसू शकेल त्या जागा लिहून काढल्या. वलयावर बसवला, तर रेणू तुटल्यावर व्हॅनिलिन मिळणार नाही, एक कार्बन जास्त असलेला त्याचा भाऊ मिळेल. तो मिळत नाही, ही जागा बाद. मिथॉक्सी गटाला जोडला तर तो मिथॉक्सी राहत नाही. चिठ्ठीत मिथॉक्सी चांगले दोन आहेत, तीही बाद. शेपटीच्या मध्ये खुपसला तर निखळ फेरुलिक आम्ल निघणार नाही, बाद. उरली एकच जागा. दोन्ही अर्ध्यांच्या बरोबर मधोमध, दोन कार्बोनिलांच्या बेचक्यात. तिथे एक कार्बन आणि त्याचे दोन हायड्रोजन बसवले की २१, २० आणि ६, सगळे पुरे.

खाली मी लिहिले: 'तो मध्येच आहे याला माझ्याजवळ थेट पुरावा नाही. दुसरीकडे कुठे बसत नाही, एवढेच.'

सुटीनंतर सरांनी कागद वाचला. वरची सारी आकडेमोड त्यांनी भरभर पाहिली आणि त्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "आता बस," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच पदार्थाचे नाव सांगितले. कर्क्युमिन. आपल्या घरातली हळद!

त्यांच्याकडून ऐकलेली आणि पुढे मी स्वतः वाचलेली हकिकत अशी. हळदीतले पिवळे द्रव्य १८१५ साली फोगेल आणि पेल्तिए यांनी वेगळे काढले. पण त्याच्या रेणूत कोणते अणू किती, यावरच पुढे अनेक वर्षे घोळ चालला. मधल्या काळात कार्बन चौदाच आहेत असेही मत होऊन गेले. १८९७ साली चियामिशियन आणि झिल्बर यांनी २१, २० आणि ६ हा ऐवज आणि त्यातले दोन मिथॉक्सी गट पक्के केले. मिथॉक्सी मोजायची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. पदार्थ हायड्रायोडिक आम्लात उकळायचा, निघणारी मिथिल आयोडाइडची वाफ चांदीच्या क्षाराच्या द्रावणात सोडायची आणि खाली बसणारा पिवळा साका वाळवून तोलायचा. तराजूच्या काट्यावर रेणूचे अवयव मोजायचे! अखेर १९१० साली मिलोबेंड्झका, कोस्टानेत्स्की आणि लाम्पे या तिघांनी रचना प्रसिद्ध केली. तिघेही पोलंडचे. कोस्टानेत्स्की स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे प्राध्यापक होते, आणि पहिले नाव एका बाईंचे आहे हे मुद्दाम सांगतो. हळद कुणा बाईने उलगडावी यात मला तरी मोठे औचित्य वाटते.

मी ज्या जागेबद्दल 'थेट पुरावा नाही' म्हटले होते, तिचाही पुरावा सरांनी दाखवला. दोन कार्बोनिलांच्या बेचक्यातला सांधा अल्कापुढे कच्चा असतो. उकळले की रेणू तिथेच तुटतो आणि एका बाजूने फेरुलिक आम्ल सुटते. पण शेवटचा निकाल वेगळाच असतो. कागदावर जी रचना काढली, ती साध्या ज्ञात पदार्थांपासून एकेक पायरीने मुद्दाम घडवायची, आणि हाती आलेला पदार्थ हळदीतल्या पदार्थाशी ताडून पाहायचा. ते कामही लाम्पे यांनी त्याच दशकात पुरे केले. सापडलेल्या साक्षींवरून आरोपीचे चित्र काढणे निराळे आणि त्या चित्राबरहुकूम माणूस उभा करणे निराळे!

"सर," मी धीर करून विचारले, "मोठ्या लोकांचे कार्बन कधी उरतात का?"

सर हसले आणि त्यांनी मला कोलेस्टेरॉलची गोष्ट सांगितली. आज घरोघरी रक्ताच्या तपासणीत ज्याचा आकडा पाहून आपण तुपाची वाटी दूर सारतो, तेच हे कोलेस्टेरॉल. त्यात २७ कार्बन, ४६ हायड्रोजन आणि ऑक्सिजन अवघा एक. जर्मनीत विंडाउस कोलेस्टेरॉलच्या मागे, तर वीलांड त्याच कुळातल्या पित्ताम्लांच्या मागे होते. वर्षानुवर्षे एकेक वलय फोडून, तुकडे ओळखून त्यांनी रचना उभी केली. वीलांड यांना १९२७ चे आणि विंडाउस यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ती रचना चुकीची होती!

चूक कुठे झाली? वलय फोडल्यावर जे आम्ल मिळे ते तापवून पाहायचे. एका तऱ्हेने वागले तर मूळ वलय पाच कार्बनांचे, दुसऱ्या तऱ्हेने वागले तर सहांचे, अशी एक कसोटी तेव्हा सर्वमान्य होती. ती बहुधा खरी ठरे. पण या रेणूच्या एका वलयापाशी ती फसली आणि सहाचे वलय पाचाचे ठरले. पण १९२८ च्या त्या रचनेत दोन कार्बनांना पक्की जागा मिळालेली नव्हती, आणि वीलांड यांनी ते लपवले नव्हते. जगातला सर्वांत मोठा सन्मान गळ्यात पडत असताना 'दोन उरलेत' हे त्यांच्या कागदावर होते.

१९३२ साली केंब्रिजला बर्नाल यांनी याच कुळातल्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून पाहिले. रेणू लांबट आणि चपटा निघाला. वीलांड-विंडाउस यांची आटोपशीर, जाड रचना त्या मापात बसेना. त्याच वर्षी लंडनच्या रोझनहाइम आणि किंग यांनी वलये नव्या तऱ्हेने मांडली, आणि वर्ष सरण्यापूर्वी खुद्द वीलांड यांनी एलिझाबेथ डाने यांच्यासह दुरुस्त रचना पुढे ठेवली. आता तीन वलये सहाची आणि एक पाचाचे मिळून १७ कार्बन, सांध्यांवर दोन, शेपटीचे आठ. सतरा, दोन आणि आठ, सत्तावीस. बेघर कार्बनांना घर मिळाले.

"ज्याने 'उरले' म्हणून लिहिलं, त्याला चार वर्षांत दुरुस्त करता आलं," सर म्हणाले. "ज्याने पुसून टाकलं असतं, त्याला दुरुस्त काय करायचं तेच कळलं नसतं."

नादारी मला परत मिळाली नाही. पतपेढीचे हप्ते पुढे कितीतरी महिने वडिलांच्या पगारातून कापून जात होते. त्या वर्षी मी पहिल्या वर्गात आलो नाही. पण पुढे शिक्षक झालो तेव्हा सरांची ती चिठ्ठी माझ्या प्रश्नपत्रिकांत उतरली. प्रत्येक रचनेच्या कोड्याखाली मी एक ओळ छापून घेत असे: जे जुळणार नाही तेही लिहा. त्या ओळीला दोन गुण ठेवलेले असत. मुलांना वाटे, म्हातारा दयाळू आहे. दयेचा त्यात काही संबंध नव्हता.

हे सारे ऐकून नात काही वेळ गप्प बसली. मग एकदम उठली आणि आपल्या अभ्यासाच्या कागदांतून कर्क्युमिनचा एन.एम.आर. आलेख घेऊन आली. या मुलांचे नशीब मोठे! पदार्थ चिमूटभर घ्यायचा, द्रावण प्रचंड चुंबकाच्या पोटात ठेवायचे आणि त्यावर रेडिओलहरी सोडायच्या. प्रत्येक अणुकेंद्र आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांप्रमाणे वेगळ्या जागी साद देते आणि कागदावर एकेक रेघ उमटते. आम्ही रेणू फोडून तुकडे ओळखायचो. यांचा रेणू अख्खाच बोलतो.

"हे बघा आजोबा. कार्बन एकवीस, पण रेघा अकराच."

"मग दहा गेले कुठे?" मी शिक्षकी आवाजात विचारले.

"गेले नाहीत. रेणूचे दोन्ही अर्धे सारखे आहेत, म्हणून डावीउजवीकडच्या दोघादोघांची एकच रेघ. दहा जोड्यांच्या दहा, आणि मधल्या एकट्याची अकरावी." ती क्षणभर थांबली. "म्हणजे तुमचा तो उरलेला कार्बन इथे एकटा उभाच आहे!"

खोटे का सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आले. ज्याला मी केवळ दुसरीकडे जागा नाही म्हणून मध्ये बसवले होते, त्याची स्वतःची रेघ मी नातीच्या बोटाखाली पाहत होतो.

पण पोरगी तिथे थांबली नाही. तिने हायड्रोजनचा आलेख पुढे ओढला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "आजोबा, एक जुळत नाही. तुम्ही मधल्या कार्बनवर दोन हायड्रोजन बसवलेत ना? इथे त्या कार्बनवर एकच दिसतोय."

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. दोन कार्बोनिलांच्या मधला कार्बन आपल्याजवळचा एक हायड्रोजन सोडतो. तो शेजारच्या ऑक्सिजनकडे जातो आणि दोन्ही ऑक्सिजन त्याला आपसांत वाटून घेतात. एकूण हायड्रोजन वीसचे वीसच. एकाने फक्त घर बदललेले. १९८२ साली क्ष-किरणांनी स्फटिकाचे चित्र मिळाले, त्यातही तो असाच बसलेला आढळला. म्हणजे चाळीतल्या त्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी जी रचना काढली, तिच्यातही एक हायड्रोजन चुकलेला होता, आणि त्या वेळी ते ना मला माहीत होते, ना माझ्या चिठ्ठीतल्या साक्षींना.

"हे लिहून ठेव," मी तिला म्हटले.

"उत्तर?"

"नाही. 'एक जुळत नाही' म्हणालीस ना, ते. उत्तर त्याच्याखाली लिही."

मग आम्ही दोघांनी मिळून तिच्या आजीच्या ज्ञानाचा उलगडा केला. वलयावरच्या हायड्रॉक्सिल गटांचे आणि मधल्या बेचक्यातले हायड्रोजन साबणातले अल्क ओढून घेते. त्यामुळे रेणूभर पसरलेले इलेक्ट्रॉन आणखी सैल होतात, वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषतात आणि पिवळ्याचे लाल दिसते. अल्क धुऊन गेले की हायड्रोजन परत येतात आणि हळद पुन्हा पिवळी होते. कुंकू करताना हळदीला टाकणखाराचे पुट देतात तेव्हाचा लाल रंग जरा निराळ्या वाटेने येतो. तिथे टाकणखारातला बोरॉन मधल्या बेचक्यात शिरून बसतो. आणि ऊन? ते हा रेणू हळूहळू तोडते. त्यातून जे तुकडे पडतात त्यांत व्हॅनिलिनही असते. ज्या तुकड्यांसाठी माणसांनी बाटल्या आणि भट्ट्या मांडल्या, त्यांतला एक दोरीवर वाळणाऱ्या कुडत्यावर फुकटात तयार होत असतो!

भाऊबीजेच्या दिवशी कुडता दोरीवरून काढला. डाग गेला होता. नातीने तो उजेडाकडे धरून खालीवर निरखला आणि शिवणीपाशी बोट ठेवून म्हणाली, "आजी, इथे एक फिकट ठिपका राहिलाय."

"मग आणखी एक दिवस घाल उन्हात," आजी म्हणाली.

आमच्या वडिलांच्या रोजमेळातला नियमही हाच होता.